तीन नावांची एक अर्जदार

मी फोर्टमध्ये एका निर्यातदाराकडे डॉक्युमेंटेशन बघतो. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लॅडिंग आणि त्या सगळ्यांचा बाप म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, खरेदीदाराच्या बँकेचं पैसे देण्याचं हमीपत्र. या धंद्यात पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट शिकवतात: बँक माल बघत नाही, कागद बघते. कंटेनरमध्ये उत्तम हापूस असेल, पण इन्व्हॉइसवर खरेदीदाराच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं असेल, तर बँक ‘डिस्क्रेपन्सी’ म्हणून कागद परत करते आणि आंबा तिकडे बंदरात सडतो.

म्हणूनच २०२१च्या डिसेंबरात मामेबहीण म्हणाली, “दादा, आम्ही कॅनडाच्या पीआरला लावतोय, फाइल तू बघशील का?”, तेव्हा मी फारसा विचार न करता हो म्हणालो. पीआर म्हणजे तिथलं कायमचं वास्तव्य; त्यासाठीची ‘एक्स्प्रेस एंट्री’ ही अर्जाची पद्धत काय असते हे मला तेव्हा धड माहीतही नव्हतं. कागद माहीत होते.

एक आधीच सांगतो. इथे कोणाचंच नाव लिहिणार नाही. सगळं प्रकरण नावाचंच असल्यामुळे लिहिताना थोडी कसरत होईल, ती चालवून घ्या.

माणसं

बहीण जन्माने आणि शिक्षणाने मुंबईची. शाळा भांडुपला, बीएस्सी आणि रसायनशास्त्रात एमएस्सी मुंबई विद्यापीठातून, २०१५ला. जानेवारी २०१६ ते नोव्हेंबर २०१९ एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये. डिसेंबर २०१९मध्ये लग्न झालं, मुलुंडला सासरी गेली, आणि फेब्रुवारी २०२०पासून दुसऱ्या औषध कंपनीत तेच काम. नवरा मेकॅनिकल इंजिनिअर, तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. मूल नाही. वयाचे गुण तिचे जास्त, शिक्षणही तिचं जास्त, त्यामुळे मुख्य अर्जदार ती आणि नवरा सोबतचा. घरात यावर अर्धा दिवस कुजबुज झाली. मग नवराच म्हणाला, “तिचे गुण जास्त आहेत, विषय संपला.”

गुणांची गोष्ट

एक्स्प्रेस एंट्री २०१५च्या जानेवारीत सुरू झाली. आधी फेडरल स्किल्ड वर्करच्या तक्त्यात १००पैकी ६७ गुण लागतात, हा फक्त दरवाजा. आत गेल्यावर सीआरएस नावाचा १२०० गुणांचा दुसरा तक्ता आहे आणि खरी रांग त्यावर लागते. ठरावीक दिवसांनी कॅनडा सरकार फेरी काढतं, कट-ऑफच्या वरच्यांना निमंत्रण जातं, बाकीचे पुढच्या फेरीची वाट बघत बसतात.

तिचे गुण मी वहीच्या मागच्या पानावर मांडले होते, ती वही अजून आहे. जोडीदार सोबत असताना २९ वर्षांच्या वयाला १००, मास्टर्सला १२६. आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत पहिल्या खेपेला तिला लिसनिंग ८.५, रीडिंग ८, स्पीकिंग ७.५, पण रायटिंग ७. त्या एका ७मुळे भाषेचे १२८ऐवजी १२५. नवऱ्याच्या पदवीचे ८, त्याच्या इंग्रजीचे १२. शिक्षण आणि अनुभव यांची चांगल्या इंग्रजीशी सांगड बसली की मिळतात ते जास्तीत जास्त १००. बेरीज ४७१.

ऑगस्ट २०२२मध्ये हे प्रोफाइल टाकलं तेव्हा कट-ऑफ पाचशेच्या वर होता. कोविडमुळे भारतातून अर्ज करणाऱ्यांसाठीच्या फेऱ्या दीड वर्ष बंद होत्या. ६ जुलै २०२२ला त्या पुन्हा सुरू झाल्या त्या ५५७वर. मग दर पंधरा दिवसांनी उतरत उतरत नोव्हेंबरअखेर ४९१. मामी मला दर बुधवारी फोन करायची, “किती आला रे भाव?” सोन्याचा विचारावा तसा.

वर चढण्याचे मार्ग थोडेच होते. बहिणीने नोव्हेंबरात परीक्षा पुन्हा दिली आणि रायटिंगमध्ये ७.५ आणले. तीन गुण, ४७४. आता उरला नवरा. तो प्लांटवर दिवसभर हिंदी-मराठी बोलणारा माणूस, परीक्षेतल्या निबंधांची त्याला मनापासून चीड. फेब्रुवारी २०२३मध्ये त्याने दुसऱ्यांदा परीक्षा दिली आणि चारही भागांत हवा तो बँड आणला. त्याच्या इंग्रजीचे १२चे २० झाले. एकूण ४८२.

आणि १७ एप्रिल २०२३ला बहीण तिशीची होणार होती. तिसाव्या वाढदिवसाला पाच गुण जातात. वाढदिवसाचा केक कापल्या क्षणी ४७७.

१५ मार्चची फेरी ४९०वर थांबली. २३ मार्चची ४८४वर. दोन गुणांनी हुकलं. त्या रात्री तिने फोन उचलला नाही. २९ मार्चला कट-ऑफ लागला ४८१.

एका गुणाने आत. रायटिंगचे ते तीन गुण नसते तर बाहेर, नवऱ्याचे आठ नसते तर बाहेर, फेरी तीन आठवडे उशिरा आली असती तरी बाहेर. त्या वर्षीच्या पुढच्या सर्वसाधारण फेऱ्यांत कट-ऑफ ४८१च्या खाली गेलाच नाही. लोक याला नशीब म्हणतात. मी त्या दोघांना लोकलमध्ये उभ्याने कानात इयरफोन घालून लिसनिंगचा सराव करताना पाहिलंय, त्यामुळे माझा या शब्दाला थोडा विरोध आहे.

साठ दिवस

निमंत्रण आल्यापासून ६० दिवसांत संपूर्ण अर्ज भरायचा. म्हणजे २८ मे. इथपर्यंत आम्ही गुणांच्या मागे होतो. कागद मी ‘जमवतोय’ असं म्हणत होतो, पण खरं सांगायचं तर ते एका पिशवीत नुसते साचत होते. त्या रविवारी ती पिशवी मुलुंडच्या घरी जेवणाच्या टेबलावर ओतली, कागद नावांप्रमाणे वेगळे केले आणि ढीग झाले तीन.

पहिला ढीग माहेरच्या नावाचा. दहावीपासून एमएस्सीपर्यंतच्या मार्कशीट (विद्यापीठाच्या पद्धतीप्रमाणे आडनाव आधी, मग तिचं नाव, वडिलांचं, शेवटी आईचं), पासपोर्ट, पॅन, पहिल्या कंपनीची पत्रं, आयईएल्ट्स.

दुसरा ढीग मिश्र नावाचा. दुसऱ्या कंपनीत रुजू होताना तिने फॉर्मवर स्वतःचं नाव तेच ठेवलं आणि पुढे नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव लिहिलं. नवी नवरी होती, हौस होती. ऑफर लेटरपासून पगाराच्या चिठ्ठ्यांपर्यंत सगळं त्याच नावावर.

तिसरा ढीग ज्या नावाचा होता त्याला मी ‘ताटातलं नाव’ म्हणतो. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने बायकोचं नवं नाव काढायचं, ही पद्धत तिच्या सासरी अजून पाळतात. त्यात तिचं पहिलं नावसुद्धा बदललं. पुढे सासऱ्यांनी उत्साहाने रेशनकार्डावर तेच घातलं, नगरसेवकाचं पत्र घेऊन आधारही त्याच नावाचं करून घेतलं. मग नव्या कंपनीचं पगाराचं खातं आधारवर उघडलं गेलं, म्हणजे तेही ताटातल्या नावावर. पॅनवर वेगळं नाव असताना बँकेने ते खातं कसं उघडलं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

आता हे परदेशातल्या, मराठी लग्न कधी न पाहिलेल्या अधिकाऱ्याच्या नजरेतून बघा. नोकरीचं पत्र एका बाईचं, पगार जमा होतो दुसरीच्या खात्यात, आणि अर्ज केलाय तिसरीने.

लग्नाचं प्रमाणपत्र, पालिकेच्या टी वॉर्डातून घेतलेला नमुना ई, माहेरच्या नावाला नवऱ्याशी जोडत होतं. त्यामुळे मिश्र नाव समजावता येत होतं. ताटातलं नाव मात्र कुठल्याच कायदेशीर कागदाने बाकीच्या दोघांशी बांधलेलं नव्हतं. मामी म्हणाली, “ताटाचा फोटो आहे की, तो लावा.” फोटो मीच काढला होता. तांदूळ, अंगठी, हळदीकुंकू, सगळं आहे त्यात.

सल्ला देणारे

दरम्यान नवऱ्याच्या मित्राने अंधेरीतला एक एजंट सुचवला होता आणि दोघं एकदा जाऊन आली होती. काचेचं ऑफिस, भिंतीवर मेपलचं पान, फी दीड लाख. कॅनडाच्या कायद्याने पैसे घेऊन असा सल्ला द्यायचा तर माणूस तिथला वकील असावा लागतो, नाहीतर इमिग्रेशन कन्सल्टंट्सच्या कॉलेजचा परवाना त्याच्याकडे लागतो. २०२१च्या नोव्हेंबरपासून हा परवाना हे कॉलेज देतं आणि परवानाधारकांची यादी कोणालाही ऑनलाइन बघता येते. मी बहिणीला म्हटलं, त्याचा परवाना क्रमांक माग. तो म्हणाला, “आमचे पार्टनर तिकडे आहेत.” क्रमांक काही आला नाही.

तरी त्याने फुकटात दोन सल्ले दिले होते, आणि हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं ते त्या दोन सल्ल्यांमुळेच.

पहिला: अर्जात ‘तुम्ही कधी दुसरं नाव वापरलं आहे का’ असा प्रश्न असतो, तिथे ‘नाही’ लिहा. उगाच चौकशी ओढवून घेऊ नका.

दुसरा सल्ला जास्त हुशारीचा होता. अनुभवाचे पूर्ण गुण तीन वर्षांना मिळतात. पहिल्या कंपनीतच तिची जवळपास चार वर्षं झाली आहेत, सगळे कागद एका नावाचे आहेत. मग दुसरी नोकरी दाखवायचीच कशाला? फेब्रुवारी २०२०नंतर ‘गृहिणी’ लिहा. गुण तेवढेच, भानगड शून्य.

गणित बरोबर होतं. मीही वहीत करून बघितलं, एकही गुण कमी होत नव्हता. बहीण दोन दिवस त्या बाजूला झुकली होती, आणि मी तिला दोष देत नाही. साठ दिवसांपैकी अकरा गेले होते.

पण अर्जात दहा वर्षांचा इतिहास महिन्याच्या हिशेबाने, एकही महिना रिकामा न सोडता भरायचा असतो. नोकरी, शिक्षण, बेकारी, घरकाम, जे असेल ते. तिथे नोकरी असताना ‘गृहिणी’ लिहिणं म्हणजे खोटी माहिती. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्यातलं चाळिसावं कलम यासाठीच आहे: महत्त्वाची गोष्ट चुकीची सांगितली किंवा दडवली तर पाच वर्षं दारं बंद. तिला आणि तिच्या फाइलवर असलेल्या नवऱ्यालाही त्याची झळ. शिवाय माझ्या डोक्यात धंद्यातलाच प्रश्न होता: नोकरीच नव्हती तर खात्यात दरमहा पडणारे पैसे कुठले? एक कागद लपवायला गेलं की दुसरा कागद बोलतो.

मी तिला एवढंच म्हटलं, “तीन नावं आहेत तर तीन लिहू. का आहेत ते सांगू.”

एजंटने गॅझेटही सुचवलं होतं. चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयाच्या राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात द्यायची, आता अर्ज ऑनलाइनही होतो. नाव खरोखर बदलायचं असेल तर तोच रस्ता. पण गॅझेट म्हणजे ‘आजपासून माझं नाव हे’. मग पासपोर्ट बदला, पॅन बदला, आयईएल्ट्सचा निकाल जुन्या नावाचा, पदव्यांचं मूल्यांकन जुन्या नावाचं. चाळिसेक दिवसांत घर पाडून पुन्हा बांधण्यासारखं झालं असतं. आम्ही उलट दिशा धरली. पासपोर्टवरचं नाव पाया मानायचं आणि बाकीची दोन त्याच्याकडे परत आणायची. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे असा काही नियम नाही.

पासपोर्ट दाखवून आधार पुन्हा माहेरच्या नावाचं केलं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तिचे दोन्ही वार तिथेच संपले. मग बँकेत खात्यावरचं नाव बदललं. मागच्या सहा महिन्यांची स्टेटमेंट मात्र जुन्याच नावाची राहणार होती, ती कोणी बदलू शकत नाही. सासऱ्यांना हे सगळं सांगायचं काम नवऱ्याने केलं. संध्याकाळभर घरात कोणी टीव्ही लावला नाही, एवढंच मला समजलं.

लॅबमधल्या ओळी

नोकरीच्या पत्रात पद, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि मुख्य म्हणजे काम काय करता ते, असं सगळं कंपनीच्या लेटरहेडवर हवं असतं. पहिल्या कंपनीने दिलं. दुसऱ्या कंपनीच्या एचआरने पद आणि तारखा लिहून दिल्या. कामाचं वर्णन लिहून देणं ‘पॉलिसीत नाही’.

अशा वेळी काय करतात हे मी दोन-चार अनुभवी लोकांकडून समजून घेतलं. कंपनीचं तेवढंच पत्र, त्याला जोडून थेट वरिष्ठाचं नोटरी केलेलं निवेदन, त्याचं ओळखपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, फॉर्म १६ आणि पगार जमा झाल्याच्या नोंदी. वरिष्ठ बाई भली निघाली. “मजकूर तू लिहून आण, मी वाचून खरं असेल ते ठेवीन,” म्हणाली.

बहिणीने पहिला मसुदा आणला तो कॅनडाच्या सरकारी व्यवसाय-यादीतल्या ‘केमिस्ट’च्या वर्णनाचा, कोड २११०१, जवळजवळ शब्दशः उतारा. मी तो बाजूला ठेवला आणि विचारलं, “सकाळी नऊला लॅबमध्ये शिरल्यावर पहिलं काय करतेस?”

ती म्हणाली, “मोबाइल फेज, म्हणजे यंत्रातून सोडायचं द्रावण, बनवते. गाळून घेते, बुडबुडे काढते. मग एचपीएलसीला, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला, कॉलम लावते, पाऊण तास त्याला स्थिर होऊ देते. आधी स्टँडर्डची इंजेक्शनं, सिस्टिम नीट चालतेय याची खात्री पटली की मगच नमुने.” मग स्टॅबिलिटी चेंबरबद्दल सांगायला लागली: गोळ्यांच्या स्ट्रिप ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेत महिनोन्महिने ठेवायच्या, ठरलेल्या तारखेला काढून तपासायच्या, औषधाचं प्रमाण किती टिकलं ते बघायचं. निकाल मर्यादेबाहेर गेला तर चौकशी तिच्या टेबलावरून सुरू होते. बोलता बोलता हात असे हलत होते, जणू पिपेट धरलंय.

“हेच लिही,” मी म्हटलं. तिने लिहिलं. वरिष्ठ बाईने एक ओळ खोडली, एक घातली आणि सही केली. सगळ्या फाइलमध्ये मला आवडलेलं पान तेच.

पैशांचं थोडक्यात. दोघांच्या कुटुंबाला त्या वेळी १६,५७० कॅनेडियन डॉलर दाखवावे लागत, तेव्हाच्या भावाने दहा लाखांच्या जरा वर. उधार घेतलेले पैसे चालत नाहीत. दोघांचे मिळून सात होते. सासऱ्यांनी चार लाखांची एफडी मोडून दिली, तीही त्या टीव्ही न लावलेल्या संध्याकाळनंतर आठवड्याभरात. त्याचं बक्षीसपत्र केलं, एफडी मोडल्याची पावती जोडली. अर्जाची फी तेव्हा माणशी १,३६५ डॉलर आणि बायोमेट्रिक्सचे जोडप्याचे १७०. मेडिकल ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच करावं लागतं. ते एप्रिलच्या शेवटी उरकलं. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून.

एक एच

नावांसाठी मी एक पान तयार केलं. चार रकाने: नाव, कोणत्या कागदावर, कधीपासून कधीपर्यंत, का. खाली चार ओळींत तांदळाच्या ताटाची पद्धत सरळ इंग्रजीत सांगितली. सोबत नमुना ई आणि ‘ही तिन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र. ते किल्ला कोर्टाबाहेर, शंभराच्या स्टॅम्पपेपरवर. उन्हात टेबल, टाइपरायटरच्या जागी आता लॅपटॉप, पण टायपिस्टचा वेग तोच. मी सहा प्रती करून घेतल्या, धंद्याची सवय. अर्जात ‘दुसरं नाव’ या प्रश्नाला ‘हो’ आणि दोन्ही नावं. एमएस्सीची परीक्षा आणि पहिली नोकरी यांच्यामधले सात महिने ‘बेकार’. २० मेला अर्ज गेला.

४ ऑक्टोबरला खात्यात पत्र आलं. दुसऱ्या नोकरीचे पुरावे आणि पगाराचं खातं अर्जदाराचंच आहे, हे स्पष्ट करा. मुदत ३० दिवस.

मी म्हटलं, स्पष्ट तर केलंय! फाइल उघडली. रकान्यांचं पान ठीक. प्रतिज्ञापत्र ओळीओळीने वाचलं. सासरच्या आडनावात इंग्रजीत एक एच आहे. टायपिस्टने तो खाल्ला होता. पत्रावर एच, बँकेत एच, मी केलेल्या पानावर एच, आणि तिन्ही नावं एक आहेत असं शपथेवर सांगणाऱ्या कागदावर एच नाही. म्हणजे आम्ही शपथेवर चौथी बाई उभी केली होती.

टायपिस्टला दोष देणं सोपं आहे. प्रत वाचून ‘ओके’ म्हणणारा मी होतो. दुसऱ्यांचे कागद भिंग लावून वाचणारा माणूस घरच्या कागदाला एकदा वरवर नजर फिरवून उठला. कचेरीत कोणी असं केलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं. बहिणीला फोनवर सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, “दादा, सहाही प्रतींत?” सहाही प्रतींत.

नवं प्रतिज्ञापत्र केलं आणि चुकीबद्दल वेगळं एक पान जोडलं, सबब न सांगता. बँकेच्या शाखेतून पत्र घेतलं: हे खाते पूर्वी अमुक नावाने, आता तमुक, खातेदार तीच, पॅन हा. एचआरकडूनही या वेळी दोन ओळी मिळाल्या, की कर्मचारी क्रमांक अमुक आणि पॅन तमुक ही एकच व्यक्ती. पॅन तिन्हीकडे सारखं, हा धागा मला आधीच सुचायला हवा होता. नावं बदलतात, दहा अक्षरांचं पॅन बदलत नाही.

उत्तर १७ ऑक्टोबरला पाठवलं आणि १९ला बातमी आली की कॅनडाने भारतातले ४१ राजनैतिक अधिकारी परत बोलावले. मुंबई, बेंगळुरू आणि चंदीगडच्या कॉन्सुलेटमधलं प्रत्यक्ष कामकाज थांबलं, भारतातले इमिग्रेशनचे कर्मचारी २७वरून ५वर. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जणू सुतक होतं. पण भारतातल्या बहुतेक अर्जांचं काम आधीपासूनच देशाबाहेरच्या कार्यालयांत होत असे आणि व्हिसा केंद्रं चालू राहिली. उशीर झाला, फाइल अडली नाही. सहा महिन्यांचं काम नऊ महिन्यांवर गेलं. फेब्रुवारी २०२४मध्ये पासपोर्ट मागवले.

मेडिकल एप्रिल २०२३चं, एक वर्ष चालणारं. त्यामुळे एप्रिल २०२४ संपायच्या आत तिकडे उतरणं भाग होतं. फ्लॅटचा भाडेकरू, स्कूटरची विक्री, नवऱ्याचा नोटीस पिरियड, सगळं दीड महिन्यात. पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस तिकडे राहावं लागतं, हे सासूबाईंना कळलं तेव्हा त्यांनी लगेच हिशेब केला: “म्हणजे तीन वर्षं इकडे राहिलं तरी चालेल?” चालेल, काकू, कागदावर चालेल.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात रात्रीचं विमान होतं. टर्मिनल दोनच्या बाहेर सगळे जमलो. बहिणीच्या हातातल्या पाकिटात नव्या प्रतिज्ञापत्राच्या तीन प्रती उरल्या होत्या, आणि त्यातली एक पुढे इथलं बँक खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं, करताना लागलीच. आत जायची वेळ झाली. गर्दीत ती पुढे निघून गेली होती, तेवढ्यात सासूबाईंनी मागून ताटातल्या नावाने हाक मारली. ती वळली आणि “ओ आई” म्हणाली.